बास्केटबॉल नारिंगीच का?

बास्केटबॉल डोळ्यांसमोर आणा बरं. कुठल्या रंगाचा दिसला? नारिंगी! पण १९५० साली तुम्ही सामना बघायला गेला असतात, तर चेंडू दिसला असता तपकिरी. चामड्याचा चेंडू, चामड्यासारखाच रंग.

मग तो नारिंगी झाला कसा? त्यासाठी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात जाऊ या. तिथे बटलर नावाचं विद्यापीठ आहे. अमेरिकेच्या मानानं अगदी छोटं, पण त्याचं बास्केटबॉलचं सभागृह केवढं मोठं! १९२८ साली ते उघडलं, तेव्हा आत जवळपास १५ हजार माणसं बसायची. मोठमोठ्या खिडक्यांतून मैदानावर ऊन उतरायचं. इंडियाना राज्याला या खेळाचं वेडच, त्यामुळे शाळांचे अंतिम सामनेही इथेच व्हायचे. १९५४ साली तर मायलन गावच्या शाळेनं इथे एका बड्या शाळेला ३२-३० असं हरवलं. मायलनच्या शाळेत मुलं किती होती माहितेय? फक्त १६१!

बटलरचे प्रशिक्षक होते टोनी हिंकल. बास्केटबॉल शिकवायचे, अमेरिकन फुटबॉल शिकवायचे आणि बेसबॉलसुद्धा! त्यांना एक गोष्ट खटकत होती. फरशी लाकडी, तीही तपकिरी. चेंडूही तपकिरी. मग वेगानं जाणारा चेंडू खेळाडूंना पटकन दिसणार कसा? आणि वरच्या रांगेतल्या प्रेक्षकांनी काय करायचं?

आपले डोळे वस्तू हेरतात ती तिच्या आणि मागच्या रंगातल्या फरकावरून. फरक कमी, तर वस्तू लपते. गवतातला हिरवा नाकतोडा सापडत नाही, तसंच. हिंकल यांनी स्पॉल्डिंग कंपनीच्या मदतीनं चेंडूला झळझळीत नारिंगी रंग दिला. १९५८ साली लुईव्हिल शहरात झालेल्या विद्यापीठांच्या बड्या स्पर्धेत तो वापरून पाहिला गेला. सगळ्यांना आवडला, आणि हळूहळू जगभर पसरला.

त्या सभागृहाला आता हिंकल यांचंच नाव आहे. आसनं कमी झालीत, साधारण ९ हजारच उरलीत. पण संघ जोरात! २०१० साली बटलर थेट विद्यापीठांच्या देशव्यापी स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलं. सामना दुसऱ्या, भल्यामोठ्या स्टेडियममध्ये, समोर ड्यूक विद्यापीठ, प्रेक्षक ७० हजारांवर. अगदी शेवटच्या क्षणी बटलरच्या गॉर्डन हेवर्डनं अर्ध्या मैदानावरून चेंडू फेकला. फळीवर आदळला, कडीला लागला... आणि बाहेर! ड्यूक ६१, बटलर ५९. एवढ्या लांबून तो चेंडू प्रेक्षकांना दिसला, त्यात हिंकल यांच्या रंगाचाही वाटा होताच.

आता खरी गंमत. तपकिरी म्हणजे आजूबाजूपेक्षा मंद दिसणारा नारिंगीच! पटत नाही? काळ्या कागदाची नळी करा. खोलीत अंधार करा. तपकिरी कागदावर टॉर्चचा झगझगीत उजेड पाडा आणि नळीतून फक्त तेवढाच कागद बघा. तो नारिंगी दिसू लागेल. आता नळी काढा आणि शेजारी पांढरा कागद ठेवा. पुन्हा तपकिरी! आपला मेंदू आजूबाजूच्या उजेडाशी तुलना करून रंग ठरवतो ना, म्हणून.

मग सांगा पाहू, नारिंगीऐवजी पिवळा रंग असाच मंद केला, तर कुठला रंग दिसेल? करून बघा आणि आम्हाला कळवा.