पाच जणी, एक गाडी

आमच्याकडची बाई गावाबाहेर पडते ती चार कारणांनी. माहेर, दवाखाना, लग्नकार्य आणि देव. या चारांत बसत नसेल तर 'कशाला?' हा प्रश्न ठरलेला. यंदा दिवाळीनंतर आम्ही पाच जणींनी पाचवं कारण काढलं आणि भोकरदनच्या पाच घरांत एकदमच बैठका बसल्या!

सुरुवात झाली ती माझ्या भाच्यापासून. तो रशियात त्वेर नावाच्या शहरात डॉक्टरकी शिकतो. मागच्या सुट्टीत घरी आला तेव्हा मोबाईलवर फोटो दाखवत बसला होता. तिथल्या एका मित्राच्या गाडीतून ही चार-पाच पोरं मॉस्कोच्या आसपासची जुनी गावं फिरून आली होती. सर्गियेव पोसाद, पेरेस्लाव्ल, रोस्तोव, यारोस्लाव्ल, सुझदल, व्लादिमीर... कांद्याच्या आकाराचे घुमट, पांढऱ्या भिंती, मठ, नद्या. "मावशी, याला सोनेरी कडं म्हणतात," तो म्हणाला. मला ते नावच आवडलं. त्यामागची हकिगतही मजेची आहे. १९६७ साली युरी बिच्कोव नावाचा एक पत्रकार आपल्या मोस्कविच गाडीतून ही गावं बघायला निघाला. आल्या वाटेनं परत न जाता तो दुसऱ्या वाटेनं मॉस्कोला आला, म्हणून नकाशावर कडं तयार झालं. मग वर्तमानपत्रातल्या त्याच्या लेखांमुळे हे नाव पडलं आणि पुढे पर्यटकांची रीघ लागली. गावं तर शेकडो वर्षं तिथंच होती. कुणीतरी गाडी काढून त्यांना एका दोरीत ओवायचं तेवढं बाकी होतं.

त्वेरमध्ये व्होल्गा नदीच्या काठी अफानासी निकितिन याचा पुतळा आहे म्हणे. हा व्यापारी पंधराव्या शतकात एक घोडा घेऊन चौलला उतरला, पावसाळ्यात जुन्नरला अडकून पडला आणि पुढे बिदरला गेला. तो इतक्या लांबून आमच्या मुलखात आला आणि मी भोकरदनहून तासा-दीड तासावरचं अजिंठा आयुष्यात एकदाच पाहिलेलं, तेही शाळेच्या सहलीत! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बचत गटाची बैठक होती. पैसे गोळा झाल्यावर मी सहज हा विषय काढला. आपणही असं कडं करायचं का? आपल्या गावापासून निघायचं आणि दुसऱ्या वाटेनं गावात परत यायचं.

"काय पाह्यचं बाई त्या दगडांत?" एकीनं विचारलंच.

मी कला शाखेची पदवीधर, इतिहास हा माझा विषय. पण माझ्याच गावाचा इतिहास मला चाळिशीत कळला, हे सांगायला लाज वाटते. आपलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं नांदतं शहर. सांची आणि भरहुतच्या स्तूपांना ज्यांनी दान दिलं, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत आणि तिथल्या दगडांवर गावाचं नाव कोरलेलं आहे. सांचीच्या दानलेखांत बायकांची नावं तर कितीतरी आहेत. भिक्षुणी आहेत, तशाच साध्या घरच्या बायकाही.

१९७३ साली इथं उत्खनन झालं. मणी, बांगड्या, शंखाच्या वस्तू यांबरोबर हस्तिदंताचं कोरीव काम सापडलं. आता ही दुसरी गोष्ट ऐका. इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली वीतभर उंचीची एक हस्तिदंती बाई सापडली. अंगभर दागिने आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. ती भारतीय आहे हे बघताक्षणी कळतं. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी मिळतंजुळतं हस्तिदंती काम कुठं सापडलं? आपल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला! ती पाँपेईची बाई याच भागात घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

म्हणजे बघा, केळणेच्या काठची एक बाई दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार गेली आणि आम्हाला अन्व्याच्या पुढे जायचं तर विचारून जावं लागतं!

हे ऐकून सगळ्या हसल्या. एक जण मात्र हसली नाही. तिच्याबद्दल पुढे सांगते.

मग वाट ठरवायला बसलो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात ही वाट लिहून ठेवली आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजेच तेर. बिनवाटेच्या मुलखातून गाड्यांवर लादून माल बंदरावर यायचा. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड, तेरहून कापड. बैलगाडीचे ते दहा दिवस आपल्या गाडीला चार-पाच तासांचे! पैठण आणि तेर हे दोन खुंटे पक्के झाले. मग भाचीनं मोबाईलवर नकाशा उघडला आणि चार दिवस आखले. गुरुवारी अन्व्याचं जुनं महादेव मंदिर बघून अजिंठा आणि मुक्काम छत्रपती संभाजीनगरला नणंदेकडे. शुक्रवारी विद्यापीठाचं इतिहास संग्रहालय आणि वेरूळ. शनिवारी पैठण करून रात्री तुळजापूर. रविवारी तेर आणि बीड, जालना करत घर. वार बघून ठेवायचं कारण अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावून तिथल्या बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं, तो वेळही धरायचा. देवगिरी किल्ला गुडघ्यांसाठी सोडला. सिंदखेडराजा सोडताना वाईट वाटलं, पण ते जवळ आहे. जिजाऊंच्या दर्शनाला एखाद्या रविवारी जाऊन संध्याकाळी परत येता येईल.

खर्चाचं म्हणाल तर सगळं मिळून आठशे किलोमीटरच्या थोडं वर. आमची जुनी गाडी लिटरला सोळा देते, म्हणजे पन्नास लिटर पेट्रोल. लिटरला शंभरच्या वर दर, म्हणजे पाच हजारांवर. पाच जणींत वाटले तर माणशी हजार-अकराशे. मुक्काम, टोल, तिकिटं, चहा धरून प्रत्येकीनं अडीच हजार काढायचे. दोन दिवसांच्या भाकऱ्या, चटणी, दशम्या घरून. गाडी मी चालवणार, अधूनमधून भाची. मी गाडी शिकले तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. पहिल्या महिन्यात दोन वेळा फाटकाला घासली, ते अजून ऐकवलं जातं.

कागद तपासले. परवाना, विमा, पीयूसी. विमा दिवाळीत संपलेला निघाला! बरं झालं बघितलं ते. मग घरातून हुकूम आला, चाक बदलता येत असेल तरच जायचं. अंगणात स्टेपनी काढली, जॅक लावला. जाऊबाई पदर खोचून पान्यावर उभ्या राहिल्या तरी नट हलेना. समोरच्या ओट्यावर चार पुरुष बसलेले. आधी हसत होते, मग सल्ले देऊ लागले, मग एक जण उठून आलाच. "बाजूला व्हा वैनी." आमच्या निवृत्त बाई त्रेसष्ट वर्षांच्या, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. त्यांनी त्याला तिथल्या तिथं बसवलं. "तू माझ्या वर्गात होतास ना? मग बस खाली." तिसऱ्या प्रयत्नाला नट सुटला. पहिल्या वेळी अर्धा तास लागला, चौथ्या वेळी बारा मिनिटं. हे वाचणाऱ्या मैत्रिणींना एकच सांगेन, चाक जमिनीला टेकलेलं असतानाच नट सैल करून घ्या. जॅक लावल्यावर जोर केला तर गाडी घसरते.

दुसरा अवघड प्रश्न कुणी मोठ्यानं बोलत नाही. रस्त्यात बायकांनी जायचं कुठं? याच भीतीनं कित्येक जणी प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत आणि मग डोकं धरून बसतात. आम्ही दर दीड तासावर एक मोठा पेट्रोल पंप किंवा हॉटेल आधीच बघून वहीत लिहिलं आहे. बाईंच्या साखरेच्या गोळ्या आणि भाचीची पाळीची तारीख, दोन्ही त्याच वहीत आहेत. लाजून काय करायचं?

आता परवानगीचं. सासूबाई आठ दिवस गप्प होत्या. वाट ठरली, त्यात तुळजापूर आलं आणि चित्रच पालटलं. "आईचं दर्शन व्हतंय तर जा की. माझी ओटी घेऊन जा." पैठणला नाथ आहेत, वेरूळला घृष्णेश्वर, तेरला गोरोबाकाका. चार घरांची परवानगी या देवांनीच मिळवून दिली. मला आनंद झाला आणि थोडं खटकलंही. दर्शन मलाही हवंच आहे. पण नुसतं बघायला, नुसतं फिरायला जाते म्हटलं असतं तर? भाच्याला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो गेला आणि फोटो घेऊन आला.

पाचवं घर राहिलं होतं. त्या न हसलेल्या मैत्रिणीचं.

मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला अकरा वर्षांपूर्वी माहेरी आणून सोडलं. तपासणी फक्त तिची झाली, त्याची नाही. त्याचं दुसरं लग्न झालं. ती भावाकडे राहते, मिरची तोडायला जाते, गटाचा हिशेब लिहिते. तिचा हिशेब कधी चुकत नाही. भाच्यानं मला सुझदलच्या एका मठाबद्दल सांगितलं होतं. मॉस्कोचा राजा वासिली तिसरा याची राणी सोलोमोनिया हिला वीस वर्षांच्या संसारात मूल झालं नाही. १५२५ साली राजानं तिला जबरदस्तीनं जोगीण केलं, मठात धाडलं आणि दुसरं लग्न केलं. तो सुझदलचा मठ अजून उभा आहे, लोक बघायला जातात. ही गोष्ट मी गटात सांगून बसले आणि मग जीभ चावली. ती खाली मान घालून वहीत रेघा ओढत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "राणीला पण?" एवढंच.

तिचा भाऊ 'नको' म्हणत होता. मी दोनदा त्याच्या घरी गेले. माणूस वाईट नाही. बहिणीला अकरा वर्षं सांभाळली त्यानं, हे मी विसरत नाही. पण त्याची भीती वेगळी. "ताई, तुम्ही जा, तुमच्यामागं घर आहे. हिच्याबद्दल आधीच लोक बोलतात. फिरायला गेली म्हटलं की अजून बोलतील." मी पुन्हा तुळजापूर पुढं केलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "देवाला नेताय तर न्या. पण हिचा फोटो कुठं टाकू नका."

मी हो म्हणाले. घरी येईपर्यंत मला माझाच राग आला होता. भांडायला हवं होतं का? भांडले असते तर कदाचित ती आलीच नसती. समाजकार्य करताना असे कितीतरी 'हो' मी म्हटले आहेत आणि प्रत्येक वेळी ते बरोबर होते असं नाही.

काल ती पैसे घेऊन आली. अडीच हजार, सगळ्या दहा-वीस-पन्नासच्या नोटा, रबर लावलेल्या. मी फोटोची अट तिला सांगितली. "माहीत आहे," म्हणाली. "पण मी काढणार. माझ्या मोबाईलमध्ये राहू दे." मग पुढच्या सीटवर बसून वाट कोण सांगणार, असं विचारलं. भाची म्हणाली, मी. ती म्हणाली, "तू गाडी चालवशील तेव्हा?" आणि पैठणपासून तेरपर्यंतची सगळी गावं ओळीनं तोंडपाठ म्हणून दाखवली. कुठं वळायचं त्यासकट.

गुरुवारी पहाटे पाचला निघायचं आहे. चाकांत हवा भरली, ओटीचं सामान आलं, दशम्या बुधवारी रात्री करायच्या. जाऊबाईंचं मात्र अजून एक अडलं आहे. चार दिवस म्हशीची धार कोण काढणार? दीरांनी आज सकाळी पहिल्यांदा प्रयत्न केला. बादली म्हशीनं उलथली. उद्या पुन्हा बसणार आहेत.