मागापाशीं उभें राहणारें शरीर

भिवंडीच्या नारपोली भागांत शिरतांच कानांवर येतो तो यंत्रमागांचा खडखडाट. बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि एकेका कामगाराकडे एकाच वेळीं अनेक माग, अशी तेथील कामाची रीत. धोटा यंत्र फेकतें, फणी यंत्र ठोकतें. मग माणसाच्या शरीरास श्रम ते कोणते, अशी शंका पाहणाऱ्यास येईल. तिच्या निरसनासाठीं मागाकडे न पाहतां माणसाकडे पाहावें.

धोट्यांतील कांडी संपली, कीं कामगार पुढें वाकतो. हें वाकणें कण्यांत व खुब्यांत घडतें. खुबा आणि खांदा हे उखळीचे सांधे होत. एका हाडाचें गोल टोंक दुसऱ्याच्या खळग्यांत बसलेलें असल्यामुळें तेथील अवयव पुढें, मागें, बाजूस हलतो व स्वतःभोंवतीं फिरतोहि. नवी कांडी घेण्यास हात लांबतो, तेव्हां कोपर उघडतें. कोपर हा बिजागरीचा सांधा. दाराप्रमाणें उघडणें व मिटणें एवढेंच तो जाणतो. शेजारच्या मागाकडे मान वळते ती मुख्यतः मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील खिळीच्या सांध्यावर. तुटलेला धागा सांधतांना आंगठा बोटांसमोर येतो, कारण त्याच्या मुळाशीं खोगिराच्या आकाराचा सांधा आहे.

सांधा हालचालीची दिशा ठरवितो. हालचाल घडवितो तो स्नायु. मनुष्यदेहांत हाडांस हलविणारे सहाशेंहून अधिक स्नायु आहेत. परंतु त्यांतील एकासहि हाड ढकलतां येत नाहीं. आखडून ओढणें एवढेंच त्याचें सामर्थ्य. म्हणून स्नायूंच्या जोड्या असतात. दंडाच्या पुढील बाजूचा द्विशिर स्नायु आखडला, कीं कोपर मिटतें. मागील बाजूचा त्रिशिर आखडला, कीं तें उघडतें. एक ओढीत असतां दुसरा सैल पडतो, आणि त्या सैल पडण्यांतच त्याची विश्रांति असते.

कामगाराचा पुष्कळसा वेळ मात्र अशा हालचालींत न जातां नुसतें उभें राहण्यांत जातो, आणि उभें राहणें म्हणजे विसांवा नव्हे. शरीर तोलून धरण्यासाठीं पाठीचे व पोटऱ्यांचे स्नायु थोडेफार आखडलेलेच राहतात. फार वेळ आखडलेल्या स्नायूंत रक्ताचा पुरवठा मंदावतो आणि तो लवकर थकतो. चालतांना पोटरी आळीपाळीनें आखडते व सैल होते. त्यामुळें पायांतील रक्त वर हृदयाकडे लोटलें जातें. निश्चल उभ्या माणसाच्या पायांत तें सांचूं लागतें. मग संध्याकाळीं पाय सुजतात, आणि वर्षानुवर्षें असेंच चाललें तर कित्येकांच्या पोटऱ्यांवरील शिरा फुगून येतात. सांध्यांतील कूर्चेचेंहि तसेंच. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. हालचालीनें सांध्यांतील वंगण तिच्यांत भिनतें व त्यावरच तिचें पोषण होतें.

यावरील उपाय खर्चाचा नाहीं. मागाजवळ टेकावयास एखादें स्टूल असावें, एक पाय आलटून पालटून ठेवण्यास लहानशी पायरी असावी, आणि अधूनमधून चार पावलें चालण्याची मोकळीक असावी. बाण्याचा धागा तुटतांच माग थांबावा, अशी योजना यंत्रांत केलेली असते. माणसाच्या शरीरांत तशी कळ नाहीं. तेव्हां त्याला थांबविण्याची काळजी मालकानें व त्यानें स्वतःच घ्यावयास हवी. कचेरींत खुर्चीस खिळलेला कारकून आणि ओट्यापाशीं ताटकळणारी गृहिणी यांच्या स्नायूंसहि हाच नियम लागू आहे.