एक मग पाणी आणि दाढीची आग

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल, पण सध्या सगळ्यात जास्त व्हॉइस नोट याच्यावरच येतायत. दाढी केली की गळा लाल होतो, आग होते, दोन दिवसांनी बारीक पुटकुळ्या येतात. एकाचा तर कॅम्पस इंटरव्ह्यू तोंडावर आलाय आणि तो विचारतोय, "दादा, दाढी करू का तशीच ठेवू?"

मी पुण्यात नोकरी करतो, घर लातूरला. रेझर तोच, क्रीम तेच, तोंड पण तेच. पण लातूरला आलो की ब्रशला नीट फेस धरत नाही. कोड बिघडला की आम्ही आधी एकच विचारतो, बदललं काय? इथं बदललं ते पाणी. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो. शाळेत 'दुष्फेन पाणी' शिकलो होतो ना, तेच हे. बादलीवर जो पांढरा थर दिसतो त्याचा भाऊबंद आपल्या गालावर बसतो. फेसाचं काम दिसायला छान दिसणं नाही. तो केसात ओल धरून ठेवतो आणि पातं घसरायला मदत करतो. फेस पातळ पडला की पातं कातडीला खरवडत जातं.

त्यात आपल्याला पाणी जपून वापरायची सवय. एप्रिल २०१६ आठवतोय ना? मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. 'जलदूत'च्या पहिल्या खेपेत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. तेव्हा नळ सोडून दाढी करणाऱ्याला घरच्यांनी काय ऐकवलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. पण यूट्यूबवरचा माणूस म्हणतो, गरम शॉवरनंतर दाढी करा आणि पातं वाहत्या पाण्याखाली धुवा.

हा घोळ मोठ्या कंपनीचा पण झालाय. जिलेटनं २००२ च्या सुमारास भारतासाठी एक रेझर काढला. त्याची चाचणी अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय पोरांवर घेतली. तिथं नळाला धो धो पाणी. तो रेझर इकडं आला आणि मगातल्या पाण्यात पात्यात केस अडकून बसायला लागले. आमच्या भाषेत, 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' मग त्यांचे लोक इकडं येऊन घराघरात दाढी कशी करतात ते बघत बसले आणि २०१० मध्ये एका पात्याचा, धुवायला सोपा 'गार्ड' आला, तेव्हा किंमत १५ रुपये.

एक पातं म्हणजे गरिबाचं, असं समजू नका बरं का. तीन-पाच पात्यांचा रेझर केस ओढून कातडीच्या खालपर्यंत कापतो. केस कुरळे असतील तर ते टोक वर येताना वाकून आतच शिरतं, आणि ती गळ्यावरची दुखरी पुटकुळी. ज्यांना हा त्रास आहे त्यांना एक पातंच बरं.

मग मगातल्या मगात करायचं कसं? दोन मग घ्या. एकात जारचं किंवा आरओचं पाणी, कोमट करून, फक्त तोंड भिजवायला आणि फेसासाठी. अर्धा मग पुरतो. जार नसेल तर बोअरचं पाणी उकळून, निवळून वरचं घ्या, थोडा जडपणा तळाशी बसतो. दुसऱ्या मगात साधं पाणी, पातं खळबळायला. ओला रुमाल दोन-तीन मिनिटं तोंडावर ठेवा. भिजलेला केस मऊ होतो, घाई इथंच नडते. मग गळ्यावरून बोट फिरवून केस कुठल्या दिशेला वाढतात ते बघा. बऱ्याच जणांचे गळ्यावर आडवे किंवा वरच्या दिशेनं असतात. त्याच दिशेनं, हलक्या हातानं, कातडी न ताणता. एकाच जागी परत फिरवायचं असेल तर आधी परत फेस लावा. पाच ते सात दाढ्यांनंतर पातं बदला. नंतर थंड पाणी, टिपून कोरडं आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर. झणझणणारं आफ्टरशेव्ह नको. सलूनमधली तुरटी रक्त थांबवते, पण तोच खडा दहा जणांच्या तोंडावरून फिरत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. पातं मात्र आपल्यासमोर नवं घालायला सांगाच.

आता जास्त काळजीची गोष्ट. पुरळ आलं की मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणायची. त्यातल्या कित्येकांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असतं, म्हणजे स्टिरॉइड. दोन दिवसांत लाली गायब, म्हणून पोरं लावत राहतात. महिनोन्‌महिने लावलं की चेहऱ्याची कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसतात, आणि सोडलं की दुप्पट लाल होतं. दाढीत नायटा असेल तर आणखी वाईट. खाज थांबते, पण बुरशी आत पसरते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही मलमं विकू नयेत हा नियम २०१८ मध्ये कडक झाला, तरी काउंटरवर मागितलं की मिळतं. ट्यूबवरची बारीक अक्षरं मोबाइलनं झूम करून वाचा.

गोल, कडेला लाल, खाजणारा चट्टा असेल किंवा पू येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पण दाखवता येतं. जी ट्यूब लावत होतात ती बरोबर न्या. खूप दिवस लावली असेल तर बंद कशी करायची तेही त्यांनाच विचारा.

आणि इंटरव्ह्यूवाल्या भावा, गळा आत्ता लाल असेल तर रेझर लावू नको. ट्रिमरनं एक मिलिमीटर ठेव, कडा सरळ कर आणि जा.