दूरध्वनीवरील समुपदेशन : व्यसनग्रस्त कुटुंबास आधार

कपाशीवर बोंडअळी पडली म्हणजे शेतकरी ती लपवून ठेवीत नाही. किडलेले बोंड घेऊन तो कृषी कार्यालय गाठतो. परंतु घरात दारूचे व्यसन शिरले, किंवा कर्त्या माणसाची झोप व उमेद गेली, म्हणजे मात्र सारे कुटुंब मौन धरते. लोकनिंदेची भीती, शहराचे अंतर आणि बुडणारी मजुरी यांमुळे रोग बळावेपर्यंत उपाय होत नाही. यांपैकी अंतराची अडचण आता पुष्कळशी दूर झाली आहे.

केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतून प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलता येते. जरूर भासल्यास समुपदेशक पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे अथवा जवळच्या रुग्णालयाकडे जोडून देतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा स्वतंत्र राष्ट्रीय क्रमांकही आहे.

अनुभवी समुपदेशक उपदेशाने आरंभ करीत नाही. समजा, एक शेतकरी रोज पितो आणि त्याच्या पत्नीने धीर करून दूरध्वनी केला. समुपदेशक प्रथम ऐकून घेतो. किती वर्षे पितात, सकाळी उठताच लागते काय, न मिळाल्यास हात कापतात काय, पूर्वी कधी झटके आले होते काय, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करतात काय, असे तो विचारतो. पतीची तयारी नसली तरी पत्नीने कसे वागावे, हे तो तिला सांगू शकतो. पती बोलावयास तयार झाला म्हणजे मोह कोणत्या वेळी व कोणाच्या संगतीत होतो, याचा दोघे मिळून शोध घेतात. बाजाराच्या दिवशी हाती पैसा आला की पाय गुत्त्याकडे वळतात, असे आढळल्यास त्या दिवसाची आखणी आधीच केली जाते. मध्येच एखाद्या वेळी पिणे घडले, तर सारे व्यर्थ गेले असे समजू नये. एक पाऊस हुकला म्हणून कोणी शेती सोडीत नाही.

तथापि या साधनाच्या मर्यादा ओळखणे अगत्याचे आहे.

(१) दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास दोन-तीन दिवसांत झटके येणे, भ्रम होणे, भलतेच दिसू लागणे, असे प्राणघातक विकार उद्भवू शकतात. म्हणून ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. झटका आल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

(२) दारू सोडविण्याचे औषध जेवणात गुपचूप मिसळू नये. असे काही औषध पोटात असताना दारू घेतल्यास रक्तदाब घसरून जीव धोक्यात येतो. औषधे केवळ डॉक्टरांनी आणि रोग्याच्या संमतीनेच द्यावीत.

(३) मरणाचे विचार मनात येतात काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार रुजत नाही, उलट मन मोकळे होते. अशा वेळी माणसास एकटे सोडू नये आणि कीटकनाशके घराबाहेर कुलपात ठेवावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी दुवा व्हावे. चावडीवर विषय काढू नये. बांधावर, एकांतात, ‘अलीकडे झोप लागते का?’ एवढ्याच प्रश्नाने आरंभ करावा. घरात आडोसा नसल्यास मळ्यात किंवा जेथे आवाज स्पष्ट येतो अशा ठिकाणी बोलण्याची सोय करून द्यावी आणि स्वतः दूर व्हावे. कानी आलेली गोष्ट दुसऱ्या कानी जाता कामा नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये रोग्यास गोपनीयतेचा हक्क आहे. तो कार्यकर्त्यानेही पाळावा. आठवड्याने पुन्हा भेट द्यावी, कारण पहिल्या संभाषणानंतर पुष्कळ जण मागे फिरतात.

दूरध्वनीने कर्ज फिटत नाही की पाऊस पडत नाही. परंतु कर्जाशी व अवर्षणाशी झुंजणारा माणूस शुद्धीवर व उभा राहिला पाहिजे. पिकाचा रोग वेळीच दाखविणाऱ्या शेतकऱ्याने मनाचा रोगही तितक्याच निःसंकोचपणे दाखवावा, ही प्रत्येक गावाची निकड आहे.