पाळीव कुत्र्यांचा कच्च्या मांसाचा आहार

पाळीव कुत्र्यांना न शिजवलेले मांस, हाडे आणि काळीज, वजडी, फुफ्फुस यांसारखे अंतर्गत अवयव नियमितपणे देण्याच्या पद्धतीला कच्च्या मांसाचा आहार असे म्हणतात. शहरांत ही पद्धत विचारपूर्वक स्वीकारलेला आहार म्हणून रुजत आहे. ग्रामीण भागात मात्र ती कापलेल्या जनावराचे टाकाऊ अवयव कुत्र्यापुढे टाकण्याच्या जुन्या सवयीच्या रूपाने आढळते. या दोन्ही प्रकारांतील धोके सारखे नाहीत. बीड जिल्ह्यासारख्या शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या प्रदेशात अधिक गंभीर प्रश्न कुत्र्याच्या प्रकृतीचा नसून त्याच्यामार्फत माणसाला होणाऱ्या कृमिरोगाचा आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील खेड्यांत राखणीच्या कुत्र्याचा परंपरागत आहार मुख्यतः धान्याचा आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, ताक किंवा दूध, कण्या, उरलेले कालवण आणि प्रसंगी मांसाचे तुकडे असे त्याचे स्वरूप असते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही प्रसिद्ध आख्यायिकाही कुत्रा आणि भाकरी यांचे नाते गृहीत धरते. या आहाराला शास्त्रीय आधारही आहे. लांडग्यांच्या तुलनेत कुत्र्यांत पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या प्रती अधिक असतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले. कुत्रा हा मांसाहाराकडे कल असलेला, परंतु माणसाच्या सहवासात धान्य पचवू लागलेला प्राणी आहे.

आधुनिक काळात कच्च्या आहाराचा पुरस्कार प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातून झाला. पशुवैद्यक इयान बिलिंगहर्स्ट यांचे 'गिव्ह युअर डॉग अ बोन' हे पुस्तक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर टॉम लॉन्सडेल यांनी 'रॉ मीटी बोन्स' या पुस्तकातून मांसल कच्च्या हाडांचा पुरस्कार केला. दुसऱ्या बाजूने, अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेने २०१२ मध्ये रोगजंतूंचा नाश करणारी प्रक्रिया न केलेले प्राणिजन्य पदार्थ कुत्र्या-मांजरांना देऊ नयेत, अशी भूमिका घेतली.

आहारमूल्य

कच्चा आहार देणारे लोक प्रौढ कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण २ ते ३ टक्के अन्न देतात. या हिशेबाने १५ किलो वजनाच्या कुत्र्यास दिवसाला ३०० ते ४५० ग्रॅम अन्न लागते. त्यात सुमारे ८० टक्के मांस, १० टक्के हाडे, ५ टक्के काळीज आणि ५ टक्के इतर अवयव असे प्रमाण प्रचलित आहे. हे प्रमाण अनुभवावर बेतलेले असून ते पाळल्याने आहार परिपूर्ण होतोच असे नाही.

केवळ मांस हा अपुरा आहार आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. कुत्र्याला फॉस्फरसइतके किंवा त्याहून थोडे अधिक कॅल्शियम आवश्यक असते. वाढत्या पिल्लास फक्त मांस दिल्यास शरीर कॅल्शियमची उणीव हाडांतून भरून काढते. त्यामुळे हाडे ठिसूळ होतात, पाय वाकतात आणि किरकोळ उडीनेही हाड मोडू शकते. हाडे द्यायची नसल्यास अंड्याच्या टरफलाची बारीक पूड हा एक पर्याय आहे. सुमारे ५ ग्रॅम पुडीत साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असते. तिची मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी. काळीज पौष्टिक असले तरी रोज मोठ्या प्रमाणात दिल्यास अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो.

हाडे

हाडांच्या बाबतीत कच्चे आणि शिजलेले हा भेद महत्त्वाचा आहे. शिजवल्याने हाडातील लवचीकपणा देणारे प्रथिन बदलते आणि हाड ठिसूळ होते. चावताना त्याच्या टोकदार कपच्या निघतात. त्या घशात, जठरात किंवा आतड्यात रुतू शकतात. घरोघरी जेवणानंतर कुत्र्याला रश्श्यातील हाडे टाकली जातात. ही पद्धत निरुपद्रवी समजली जात असली तरी ती दुहेरी घातक आहे. हाडे शिजलेली असतात आणि रश्श्यात कांदा-लसूण असतो. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात.

कच्ची हाडेही पूर्णतः निर्धोक नसतात. शेळी-मेंढीची किंवा म्हशीची नळी फार कठीण असल्याने तिच्यामुळे दात तुटू शकतात. कोंबडीची मान किंवा पाठीचा मांसल सांगाडा यांसारखी मऊ हाडे त्या मानाने कमी धोकादायक मानली जातात. अधाशीपणे गिळणाऱ्या कुत्र्याला कोणतेही हाड देऊ नये. चघळण्यासाठी दिलेले हाड कुत्र्याच्या तोंडात मावणार नाही इतके मोठे असावे. हाड देताना माणूस जवळ असावा आणि हाडाचा तुकडा गिळण्याजोगा लहान झाला की तो काढून घ्यावा.

हाड खाल्ल्यानंतर वारंवार उलटी, कुंथणे, लाळ गळणे, पोट फुगणे, खडूसारखी पांढरी कोरडी विष्ठा किंवा अन्नत्याग ही लक्षणे दिसल्यास कुत्र्याला तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. घशात खोलवर रुतलेले हाड ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. एरंडेल तेल वा तूप पाजून ते खाली उतरवण्याचाही प्रयत्न करू नये.

जीवाणू आणि विषाणू

कच्च्या मांसात साल्मोनेला, लिस्टेरिया, कॅम्पिलोबॅक्टर आणि ई. कोलाय हे जीवाणू असू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात केलेल्या तपासणीत कच्च्या पाळीव-प्राणी खाद्याच्या १९६ नमुन्यांपैकी १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस आढळला. पुष्कळदा कुत्रा स्वतः आजारी पडत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका प्रयोगात साल्मोनेलाबाधित कच्चे अन्न एकदाच खाल्लेल्या १६ कुत्र्यांपैकी ७ कुत्र्यांच्या विष्ठेतून हे जीवाणू बाहेर पडले. त्यामुळे कुत्रा निरोगी दिसतो, एवढ्यावरून घर सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण ज्या घरात आहेत, तेथे कच्चा आहार टाळणे इष्ट ठरते.

बर्ड फ्लूमुळे कोंबडीच्या कच्च्या मांसाचा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथील कोंबड्यांत आणि बीड जिल्ह्यातील कावळ्यांत या रोगाचा संसर्ग आढळला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ विषाणूच्या संसर्गाने मरण पावले. त्यांना संसर्ग अन्नातून झाला असावा, असा संशय व्यक्त झाला. या विषाणूचा धोका कुत्र्यांपेक्षा मांजरवर्गीय प्राण्यांना अधिक असतो. तरीही परिसरात पक्षी मरत असताना कोंबडीचे कच्चे मांस, पंजे किंवा आतडी कोणत्याही पाळीव प्राण्यास देऊ नयेत. मांसाच्या आतील भागाचे तापमान ७४ अंश सेल्सियसपर्यंत गेल्यास हा विषाणू आणि साल्मोनेला हे दोन्ही नष्ट होतात.

हायडॅटिड रोग

एकायनोकोकस ग्रॅन्युलोसस हा केवळ काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर आणि पाण्यात पसरतात. चरताना ती शेळ्या, मेंढ्या, गाई-म्हशींच्या पोटात जातात. मग त्या जनावराच्या यकृतात व फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी तयार होतात. असे काळीज किंवा फुफ्फुस कच्चे खाल्लेल्या कुत्र्याच्या आतड्यात पुन्हा असंख्य कृमी वाढतात आणि चक्र पूर्ण होते.

माणूस या चक्रात अपघाताने सापडतो. गाठ असलेले मांस खाल्ल्याने त्याला हा रोग होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी हात, भाजीपाला, पाणी किंवा कुत्र्याच्या केसांमार्फत तोंडात गेल्याने होतो. गाठ वर्षानुवर्षे सावकाश वाढते आणि बालपणी झालेला संसर्ग प्रौढपणी उघडकीस येऊ शकतो. गाठ फुटल्यास तीव्र ॲलर्जीची प्राणघातक प्रतिक्रिया उद्भवू शकते. उपचारासाठी अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते.

टीनिया मल्टिसेप्स हा दुसरा पट्टकृमीही अशाच मार्गाने पसरतो. त्याच्या गाठी शेळी-मेंढीच्या मेंदूत होतात. बाधित जनावर मान वाकडी करून एकाच जागी गोल फिरते आणि अखेर दगावते. अशा जनावराची मुंडी कुत्र्यापुढे टाकल्यास मेंढपाळ नकळत आपल्याच कळपात रोग परत आणतो.

हे चक्र तोडता येते, याला इतिहासाची साक्ष आहे. आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा रोग फार पसरला होता. डॅनिश वैद्यक हाराल्ड क्राबे यांच्या संशोधनानंतर तेथे घरोघरी माहितीपुस्तिका पोहोचवण्यात आली आणि कुत्र्यांविषयी कायदे झाले. पुढे तेथील रोग नाहीसा झाला. न्यूझीलंडनेही कुत्र्यांना कच्चे अवयव देण्यास बंदी आणि नियमित जंतनिर्मूलन या मार्गाने यश मिळवले. २००२ मध्ये तो देश या रोगापासून तात्पुरता मुक्त म्हणून घोषित झाला.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती

बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या या अवर्षणप्रवण जिल्ह्यात शेळीपालन हा कोरडवाहू शेतकऱ्याचा आणि भूमिहीन मजुराचा आधार आहे. उस्मानाबादी ही शेळीची जात या भागात प्रामुख्याने पाळली जाते. आखाड्यावर आणि मेंढ्यांच्या वाड्यावर राखणीसाठी कुत्रे असते. कुत्रा, शेळी आणि घरातील लहान मूल एकाच अंगणात वावरतात. म्हणजेच हायडॅटिड रोगाच्या चक्राला लागणारे सर्व घटक येथे एकत्र असतात.

जत्रा, कंदुरी, बकरी ईद अशा प्रसंगी जनावर घरी किंवा शिवारात कापले जाते. तेथे पशुवैद्यकीय तपासणी नसते. गाठी असलेले काळीज वा फुफ्फुस माणसे खात नाहीत, पण तेच कुत्र्यापुढे टाकले गेल्यास सर्वांत धोकादायक भाग नेमका कुत्र्याच्या पोटात जातो.

स्थानिक हवामानही विचारात घ्यावे लागते. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि उघडे मांस थोड्याच वेळात खराब होते. वीज वारंवार जात असल्यास शीतपेटीतील मांस वितळून पुन्हा गोठते. गोठवण्याने जीवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ केवळ थांबते. टँकरच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या वस्तीत भांडी, विळी आणि हात वारंवार साबणाने धुणे कठीण होते. कच्च्या आहाराची पाश्चात्त्य पुस्तकांतील पद्धत मुबलक पाणी आणि अखंड वीज गृहीत धरते. महाराष्ट्रात २०१५ पासून लागू असलेल्या गोवंश हत्याबंदीमुळे त्या पुस्तकांतील गोमांसही येथे उपलब्ध नाही. व्यवहारात कोंबडी व शेळी-मेंढीचे मांस हेच पर्याय उरतात.

सुरक्षित पद्धती

शेळी-मेंढीचे काळीज, फुफ्फुस, वजडी आणि मुंडी कुत्र्याला कधीही कच्ची देऊ नये. चीनमधील संशोधनानुसार मेंढीचे काळीज किंवा फुफ्फुस ३० मिनिटे उकळल्यास गाठीतील कृमींचे अंकुर मरतात. गाठी दिसणारे अवयव उकळून देण्यापेक्षा जाळावेत किंवा खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत आणि कुत्र्याने उकरू नये म्हणून वर दगड ठेवावेत.

कच्चे मांस द्यायचेच असल्यास ते त्याच दिवशी कापलेले असावे आणि ओळखीच्या खाटकाकडून घ्यावे. त्यासाठी भांडे व सुरी वेगळी ठेवावी. स्वयंपाकाच्या ओट्यावर ते कापू नये. कुत्र्याने अर्ध्या तासात न खाल्लेले अन्न उचलून टाकावे. त्यानंतर भांडे आणि हात साबणाने धुवावेत. खाल्ल्यावर लगेच कुत्र्याला मुलांचे तोंड चाटू देऊ नये.

कच्च्या अवयवांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल हे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने देण्याची शिफारस केली जाते. सर्वच जंतनाशके या कृमीवर गुणकारी नसतात, म्हणून औषधाचे नाव विचारून घ्यावे. हे औषध कृमी मारते, अंडी मारत नाही. त्यामुळे पुढील दोन-तीन दिवसांची विष्ठा गोळा करून जाळावी किंवा पुरावी.

बहुसंख्य घरांसाठी सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे मीठ-मसाला व कांदा न घालता उकडलेले, हाडे काढलेले मांस आणि त्याच्या पाण्यात कुस्करलेली भाकरी किंवा भात. अंडे उकडून देता येते. यात मांसाचे बहुतेक पोषण टिकते आणि जीवाणू, विषाणू व कृमी यांचा धोका जवळजवळ संपतो. मात्र कॅल्शियमची उणीव वर सांगितल्याप्रमाणे भरून काढावी लागते.

सार्वजनिक ठिकाणे

भटक्या कुत्र्यांना मांसाचे तुकडे घालणाऱ्यांनाही हे नियम लागू पडतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार अन्न देण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून व ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर असावी आणि तेथे घाण होऊ देऊ नये. मांसविक्रेत्यांचा कचरा उघड्यावर पडल्यास गावातील सर्वच कुत्र्यांना कच्चे अवयव मिळतात आणि एखाद्या घराने घेतलेली दक्षता अपुरी ठरते. म्हणून मांसाच्या कचऱ्याची विल्हेवाट ही ग्रामपंचायत व नगरपालिकेच्या आरोग्यकार्याची बाब ठरते.

मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांतून जंतनिर्मूलन आणि आहार यांविषयी सल्ला मिळतो.