लग्नाच्या शूटिंगसाठी गिम्बल : कोणता घ्यावा, कसा घ्यावा

रमजान ईद झाली की शव्वालमध्ये निकाहच्या तारखांची गर्दी उसळते आणि शूटिंगचा धंदा करणाऱ्या आमच्या बांधवांना दिवस पुरत नाहीत. पूर्वी या धंद्यात खांद्यावरचा मोठा व्हिडिओ कॅमेरा आणि हॅलोजनचा दिवा एवढे सामान असले की काम भागत असे. आता सर्वत्र मिररलेस कॅमेरा आला आहे. तो आकाराने लहान आणि चित्राने सरस. परंतु हलका असल्यामुळेच हातात थरथरतो. खांद्याचा आधार गेला, त्याची भरपाई करण्याचे काम गिम्बल नावाचे यंत्र करते. वरातीचे चित्र सिनेमासारखे तरंगत जावे असा गिऱ्हाइकाचाही आग्रह असतो. परिणामी दुकानात जाऊन दुकानदार पुढे करील तो गिम्बल, तोही हप्त्याने, उचलून आणण्याची घाई होते. या घाईत एका हंगामाची कमाई अडकून पडते, म्हणून आज या विषयाचा थोडा सविस्तर विचार करीत आहोत.

चालत्या माणसाच्या हातून स्थिर चित्र काढण्याची धडपड नवी नाही. अमेरिकेतील गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकात स्टेडिकॅम तयार केला. अंगात जाकीट, त्याला स्प्रिंगचा हात आणि त्यावर कॅमेरा अशी ती रचना. १९७६ च्या 'रॉकी' चित्रपटात तिचा उपयोग झाला. मोटारीवर चालणारा हातातील गिम्बल गाजला तो २०१३ साली, फ्रीफ्लाय कंपनीच्या 'मोव्ही'मुळे. त्याची किंमत होती सुमारे १५ हजार डॉलर. पुढच्याच वर्षी चीनमधील शेन्झेनच्या डीजेआय कंपनीने 'रोनिन' काढला आणि भाव कोसळू लागले. जानेवारी २०२३ मध्ये याच कंपनीचा 'आरएस ३ मिनी' अमेरिकेत ३६९ डॉलरला विक्रीस आला. म्हणजे दहा वर्षांत हे यंत्र स्टुडिओच्या तिजोरीतून निघून तालुक्याच्या फोटोग्राफरच्या पिशवीत आले.

आमच्या मालेगावकरांनी तर यंत्राची वाटच पाहिली नाही. यंत्रमागाच्या त्या गावात शेख नासिर आणि त्यांच्या साथीदारांनी सायकल आणि बैलगाडी वापरून कॅमेरा चालता केला व आपले सिनेमे पूर्ण केले. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटामुळे ही गोष्ट जगभर गेली. यंत्र महाग असले तरच काम चांगले होते असे नाही, एवढे लक्षात राहावे म्हणून हा उल्लेख.

आता यंत्राकडे वळू. गिम्बलला तीन मोटारी असतात. एक कॅमेरा डावी-उजवीकडे वळवते, दुसरी वर-खाली झुकवते, तिसरी क्षितिजाची रेषा आडवी राखते. आतील संवेदक हाताचा प्रत्येक झोल टिपतात आणि मोटारी त्याच क्षणी उलट्या दिशेने फिरून तो झोल खाऊन टाकतात. हे सारे कोनातील हालचालीपुरते खरे आहे. पाऊल टाकताना आपले सबंध शरीर खाली-वर होते आणि त्याबरोबर कॅमेराही उचलला जातो; तो उचंबळ तीन मोटारींचा गिम्बल काढू शकत नाही. त्यासाठी गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवून, अंगाचा स्प्रिंग करूनच चालावे लागते. दुकानात हे कोणी सांगत नाही. यंत्र आणले तरी चित्र उड्या मारते अशी तक्रार मागाहून ऐकू येते, त्यात बहुधा दोष चालीचा असतो. आठ दिवस रिकाम्या गच्चीवर चालण्याचा सराव केल्याशिवाय कोणीही निकाहच्या कामाला गिम्बल नेऊ नये.

निवड करताना पहिला प्रश्न वजनाचा. कोणता ब्रँड, किती बटणे, हे नंतर. आपला कॅमेरा बॅटरी व कार्डासह, रोजच्या लेन्ससह, माईक लावत असाल तर माईकसह, किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहा. काही उदाहरणे देतो. सोनीचा झेडव्ही-ई१० बॅटरीसह ३४३ ग्रॅम भरतो, त्याची १६-५० ची लहान लेन्स ११६ ग्रॅम. एकूण अर्धा किलोसुद्धा नाही. ए६४०० कॅमेरा ४०३ ग्रॅम आणि त्यावर सिग्माची १६ मिलिमीटरची लेन्स ४०५ ग्रॅम, म्हणजे आठशेच्या घरात. ए७ मार्क ३ हा ६५० ग्रॅमचा कॅमेरा टॅमरॉनच्या २८-७५ लेन्ससह सुमारे १२०० ग्रॅम होतो. त्याच कॅमेऱ्याला सोनीची पहिली २४-७० जी मास्टर लेन्स लावली की दीड किलोच्या वर जातो.

आता गिम्बलची ताकद पाहा. आरएस ३ मिनी आणि २०२५ मध्ये आलेला आरएस ४ मिनी हे दोन किलोपर्यंत वजन पेलतात. आरएस ३ व आरएस ४ तीन किलोपर्यंत, आणि आरएस ३ प्रो व आरएस ४ प्रो साडेचार किलोपर्यंत. झियुन कंपनीचा क्रेन एम२ मात्र ७२० ग्रॅमपर्यंतच चालतो. वर दिलेला ए६४०० व सिग्माचा जोड त्यावर चढवला तर मोटारी गुरगुरतील, तापतील आणि भर कार्यक्रमात यंत्र मान टाकील. कागदावरील कमाल वजनाच्या फार जवळ जाऊ नये; पाव भाग तरी मोकळा ठेवावा असे आमचे मत आहे. उलट, अर्धा किलोच्या कॅमेऱ्यासाठी प्रो घेणे म्हणजे टेम्पोचा माल ट्रकने नेण्यासारखे आहे. भाडे ट्रकचे पडते आणि गल्लीत ट्रक शिरतही नाही.

येथे यंत्राचे स्वतःचे वजनही मोजले पाहिजे, कारण ते सारे मनगटावर येते. आरएस ३ मिनी ७९५ ग्रॅमचा आहे, आरएस ३ साधारण १.३ किलोचा. दीड किलोचा कॅमेरा त्यावर ठेवला की जवळजवळ तीन किलो हात पुढे करून धरावे लागतात. निकाह, जेवण, रुखसती असे चार-पाच तास. ही गोष्ट आमच्या भगिनींच्या बाबतीत अधिकच महत्त्वाची. जनानखान्याचे शूटिंग बाईनेच करावे असे अनेक घरांतून सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या कामासाठी तयार बायका मिळत नाहीत म्हणून एक तर शूटिंग होत नाही किंवा परक्या पुरुषाला आत घ्यावे लागते. कॅमेरा शिकलेल्या मुलींसाठी हा पडद्यातला हक्काचा रोजगार आहे. हलका कॅमेरा, एकच हलकी लेन्स आणि लहान गिम्बल असा संच त्यांच्या हाती दिला तर तो भार पेलेल. मोठा संच दिला तर दुसऱ्याच लग्नाला हात दुखून यंत्र पेटीत जाते.

वजन जमले तरी जागा जमेलच असे नाही. कॅमेरा बसवल्यावर मागचा पडदा बाहेर काढून पाहावा. काही गिम्बलच्या दांड्याला तो आपटतो. माईकची वायर डाव्या बाजूने येते, ती ताणली गेली की मोटारीला ओढ बसते. वायर मऊ आणि थोडी सैल हवी. झूम केल्यावर लांबीने वाढणारी लेन्स असेल तर प्रत्येक झूमला तोल बदलतो. म्हणून ज्या झूमवर काम करायचे त्याच झूमवर तोल साधावा, मधेच फार बदलू नये. शक्य तेथे स्थिर लांबीची लेन्स वापरावी. बॅटरी, कार्ड घालून आणि लेन्सचे झाकण काढून, यंत्र बंद असतानाच तोल करायचा असतो. कॅमेरा ज्या कोनात सोडला त्याच कोनात थांबला की तोल जमला. मोटारी जोर लावून धरतात म्हणून तोल न करताच यंत्र सुरू करण्याची सवय अनेकांना लागलेली आम्ही पाहतो. त्याने बॅटरी लवकर संपते आणि मोटारीचे आयुष्य कमी होते.

उभ्या चित्राची मागणी वाढली आहे. मोबाइलवर रील टाकण्यासाठी गिऱ्हाईक तेच मागते. आरएस ३ मिनी आणि आरएस ४ वर जास्तीचे साहित्य न घेता कॅमेरा उभा बसवता येतो. साध्या आरएस ३ ला त्यासाठी वेगळी प्लेट घ्यावी लागते. ज्यांचे निम्मे काम रीलचे आहे त्यांनी हे आधीच विचारून घ्यावे. बॅटरीची मात्र फार चिंता नको. आरएस ३ मिनीची १० तास, आरएस ४ ची १२ तास असे कंपनी सांगते. प्रत्यक्षात यापेक्षा कमी मिळाले तरी एक कार्यक्रम निघतो. फरक एवढाच की मिनीची बॅटरी आतच बसवलेली आहे, ती बदलता येत नाही.

यापुढचा प्रश्न पैशाचा, आणि खरे म्हणजे बहुतेकांचे नुकसान येथेच होते. आमच्या धंद्याचे पंचांग दुहेरी आहे. रमजानमध्ये निकाह जवळजवळ बंद असतात, आणि शरीअतची मनाई नसतानाही अनेक घरांत मोहरममध्ये लग्न ठेवत नाहीत. जे बांधव हिंदू घरांचीही कामे घेतात त्यांना चातुर्मासात मोकळे बसावे लागते. शिवाय चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने आपला हंगाम दरवर्षी अलीकडे सरकतो. २०३० मध्ये तर रमजान जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा, असा दोनदा सुरू होणार आहे. म्हणजे थंडीतल्या लग्नसराईवरच तो पडेल. कमाई अशी गठ्ठ्याने येते आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो, रमजान असो की मोहरम.

त्यातून 'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. व्याज नाही, मग हरकत काय, असे विचारले जाते. वस्तुस्थिती अशी की बँक व्याज लावतेच. विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते आणि हिशेब सारखा दिसतो. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत व्याजाच्या रकमेवर जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क हेही निघते. सुदापासून दूर राहू इच्छिणाऱ्याने यात काय करावे हे आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे, आम्ही फतवा देणारे नव्हेत. व्यापारी म्हणून मात्र एक सांगतो. जी सूट बँकेच्या व्याजापोटी दिली जाते ती रोख घेणाऱ्याने आपल्यासाठी मागावी. मुंबईत बोरा बाजारात दोन-चार दुकाने फिरून रोखीचा भाव वेगळा विचारावा.

रोख रक्कम हाती नसेल तर भाड्याचा मार्ग सरळ आहे. समजा यंत्र ३६ हजारांचे आहे आणि गावात त्याचे दिवसाचे भाडे ८०० रुपये आहे. किंमत वसूल होण्यास ४५ दिवस लागतील. ज्याला वर्षाला गिम्बलची कामेच पंधरा मिळतात त्याने तीन वर्षांची रक्कम आधी गुंतवावी कशाला? तोवर नवे मॉडेल येते आणि जुन्याचा भाव पडतो. ज्याची कामे पन्नास आहेत त्याने खुशाल विकत घ्यावे. आपल्या गावचे भाडे आणि आपली कामे घालून हा हिशेब प्रत्येकाने कागदावर करावा. दोन मित्रांनी किंवा भावांनी शिरकतीत यंत्र घेणे हाही चांगला मार्ग आहे. परंतु तारीख एकच आली तर यंत्र कोणाकडे, मोटार जळली तर खर्च कोणाचा, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. तोंडी शिरकतीने दोस्ती आणि यंत्र दोन्ही गेल्याची प्रकरणे आमच्यापर्यंत येतात.

जुना गिम्बल घ्यायचा असेल तर स्वतःचा कॅमेरा सोबत नेल्याशिवाय जाऊ नये. यंत्र बंद ठेवून तिन्ही दांडे हाताने फिरवून पाहावेत. कोठे खरखर किंवा ढिलेपणा नको. मग तोल करून यंत्र सुरू करावे आणि टेबलावर दहा मिनिटे तसेच ठेवावे. क्षितिज हळूहळू एका बाजूला झुकू लागले तर मालकाला समोरच कॅलिब्रेशन करायला सांगावे. तरीही झुकत असेल तर यंत्र परत द्यावे. कॅमेऱ्याखालची मूळ प्लेट सोबत आहे का ते पाहावे. नवे घेताना पक्के बिल घ्यावे. जीएसटी नोंदणी असलेल्यांना धंद्याच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यावरच मिळते. डीजेआयचे यंत्र मोबाइलवरील ॲपमधून आधी चालू करून घ्यावे लागते. ते काम दुकानातच उभे राहून उरकावे आणि बिलावरचा सिरियल नंबर यंत्रावरच्या नंबराशी तेथेच ताडून पाहावा.