बरे करणे आणि समजून घेणे

प्राथमिक शाळेच्या शिक्षकास थोडेबहुत वैद्यक अंगी बाणवून घ्यावेच लागते. मृगाचा पाऊस पडून शाळा सुरू झाली, की पंधरा दिवसांच्या आत वर्गातील निम्मी नाके वाहू लागतात. कोणाचे डोळे येतात, कोणाचा कान फुटतो, कोणी बोटांच्या बेचक्यांत सारखा खाजवीत असतो, तर कोणी मधल्या सुटीनंतर पोट धरून पडवीत बसून राहतो. अशा मुलास घरी पाठवावे, आरोग्य केंद्रात न्यावे की नुसते कोपऱ्यात निजवावे, याचा निर्णय वैद्य येण्यापूर्वी शिक्षकासच करावा लागतो. हे काम अनेक वर्षे केल्यावर ‘बरे करणे’ या दोन साध्या शब्दांविषयी माझ्या मनात काही विचार आले. ते आपल्या शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खरजेचे उदाहरण घेऊ. डोळ्यांना सहसा न दिसणारा एक सूक्ष्म किडा कातडीत बीळ करून राहतो व त्यामुळे खाज सुटते. मलम लावून तो मारला, की रोग गेला. मात्र घरातील सर्व माणसांनी एकाच वेळी मलम लावले पाहिजे; नाहीतर एकाकडून तो पुन्हा दुसऱ्याकडे जातो. शिवाय किडा मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहते आणि ‘औषध लागू पडले नाही’ असे समजून लोक नाना प्रकार सुरू करतात. जुलाबाचा प्रकार निराळा. तेथे औषधाने रोग मारावयाचा नसतो, तर शरीरातून गेलेले पाणी व क्षार परत भरावयाचे असतात. रोगाशी झुंज शरीरच देते. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र असली म्हणजे आतड्यातून मिठाबरोबर पाणीही शोषले जाते, या एका गोष्टीवर जलसंजीवनीची सारी करामत उभी आहे. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपे भरभरून हे मीठ-साखरेचे पाणी वाटले आणि तीस टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिलेले असावे असे मला वाटते. चमचा चहाचा घ्यावा. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो.

आणि सर्दी? दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंमुळे ती होते आणि त्यांना मारणारे औषध आपल्या हाती नाही. सुंठीचा काढा, हळद घातलेले दूध, पाण्याची वाफ यांनी बरे वाटते व ते देण्यास हरकतही नाही. परंतु सर्दी जाते ती आठ-दहा दिवसांत आपली आपणच. प्रतिजैविकांच्या गोळ्या तिच्यावर काडीइतक्याही उपयोगी नाहीत, तरीही पालक त्या मागतात.

म्हणजे एका ठिकाणी कारण नाहीसे करणे, दुसऱ्या ठिकाणी शरीरास आधार देणे आणि तिसऱ्या ठिकाणी केवळ वाट पाहणे, या तिन्हींस आपण ‘बरे करणे’ हे एकच नाव देतो. तिन्हींमध्ये समान धागा असा, की मूल आजारापूर्वी जसे होते तसे पुन्हा व्हावे. ज्या मुलाच्या बाबतीत असे ‘पूर्वी’ मुळी नसतेच, त्याच्यापुढे हा विचार अडखळतो.

माझ्या दुसरीच्या वर्गात असा एक मुलगा होता. हाक मारली तरी तो वळून पाहत नसे. मात्र कागद फाटल्याचा आवाज त्यास ओसरीपासून ऐकू येई, तेव्हा तो बहिरा नव्हता. ‘पाणी हवे का?’ असे विचारले की तोही ‘पाणी हवे का?’ असेच म्हणे, आणि त्याचा अर्थ ‘होय’ असा असे, हे समजावयास मला दोन महिने लागले. चिंचोके आकाराप्रमाणे एका रांगेत मांडण्यात त्याचा तास न् तास जाई. घंटा झाली की तो कानांवर हात ठेवी. गावातील कोणी त्यास वेडा म्हणत. कोणी त्याच्या आईने ग्रहणात विळी हाती घेतली होती असे सांगत. मी त्यास हट्टी समजत होतो. गावकऱ्यांच्या समजुतीहून माझी समजूत फारशी शहाणपणाची नव्हती.

एका पावसाळ्यात तो मुलगा डाव्या हाताने स्वतःच्या डोक्यावर मारून घेऊ लागला. जवळ जाणाऱ्यास चावे, रात्री निजत नसे. वडिलांनी त्यास देवऋष्याकडे नेऊन अंगारा आणला. मी याहून वाईट केले. ‘हा त्याचा स्वभावच आहे, आठ दिवस घरीच ठेवा,’ असे मी वडिलांस सांगितले. त्यानंतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले, तेव्हा पटावरील मूल घरी का, म्हणून तेथील परिचारिकाबाईंनी चौकशी केली व त्या स्वतः त्याच्या घरी गेल्या. डाव्या कानात पू झाला होता. आईने ठणका कमी व्हावा म्हणून त्यात तेलही सोडले होते. वैद्यांनी औषध दिले आणि चार-पाच दिवसांत मारून घेणे थांबले, चावणे थांबले, मूल शांत निजू लागले.

तो पुन्हा शाळेत आला तेव्हा एका पालकाने मला विचारले, ‘मास्तर, बरा झाला म्हणता, मग अजून चिंचोकेच का मांडतो?’ या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. कान बरा झाला होता. मुलगा होता तसाच होता. या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे मला तोपर्यंत कोणी शिकविले नव्हते.

या अवस्थेस मराठीत स्वमग्नता म्हणतात. शब्द रूढ झाला आहे म्हणून वापरावयाचा, इतकेच. कारण ही मुले आपल्यातच मग्न असतात व त्यांना माणसांची ओढ नसते, असा जो अर्थ त्यातून निघतो तो बरोबर नाही. मेंदूची घडणच जन्मापासून काहीशी निराळी असते. त्यामुळे इतरांशी बोलण्याची व वागण्याची रीत वेगळी, ठराविक गोष्टींची व क्रमाची आवड तीव्र आणि आवाज, उजेड, स्पर्श यांची जाणीव कमीअधिक, असे तिचे स्वरूप असते. कोणी मुळीच बोलत नाही, कोणी पाठ्यपुस्तक तोंडपाठ म्हणून दाखवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. यावरून आपल्या केंद्रातील शाळांत अशी मुले असणारच, मग ती पटावर त्या नावाने नोंदलेली असोत वा नसोत.

अमेरिकेत बाल्टिमोर येथील लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ८ मुलगे व ३ मुली अशा ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकात या अवस्थेचा स्वतंत्र विचार सुरू झाला. पुढील काळात मात्र मोठा अन्याय घडला. आईची माया थंड असल्यामुळे मूल असे होते, असे मोठमोठ्या विद्वानांनी ठरविले आणि १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने त्या मतास आणखी बळ आले. आपल्याकडील ग्रहणाची विळी आणि परदेशातील हे शास्त्र, दोहोंचा रोख बिचाऱ्या आईवरच! १९७७ साली इंग्लंडमध्ये सूझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली. साध्या जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. एकाच घरात, एकाच आईच्या हातांखाली वाढूनही हा फरक पडला. यावरून या अवस्थेचे मूळ आनुवंशिक घडणीत बऱ्याच अंशी आहे, हे स्पष्ट झाले.

आईवरील ठपका गेला, तो लसीवर आला. १९९८ साली एका इंग्रज डॉक्टरने केवळ १२ मुलांच्या आधारे गोवराच्या संयुक्त लसीचा या अवस्थेशी संबंध सुचविला. तो लेख २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला व त्या डॉक्टरचे नाव वैद्यकाच्या पटावरून काढण्यात आले. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची पाहणी करून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की लसीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढत नाही. तरीही शंका टिकून राहते, आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे. गोवराची दुसरी लस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात, आणि मूल बोलत नाही, पाहत नाही, हे आईबापांच्या ध्यानात येण्याचे वयही साधारण तेच. पालक असे विचारतील तर त्यांच्यावर रागावू नये. त्यांना वयाची ही गोष्ट समजावून सांगावी.

‘बरे करण्या’च्या हट्टापायी या मुलांवर झालेले प्रयोग वाचून अंगावर काटा येतो. शरीरातील जड धातू काढण्याच्या नावाखाली शिरेतून दिलेल्या औषधाने अमेरिकेत २००५ साली एक पाच वर्षांचा मुलगा दगावला. कपडे विरंजित करण्याच्या जातीची रसायने पाजणारे लोकही निघाले. मूळपेशींच्या उपचारावर जमीन विकून पैसा घालण्यापूर्वी पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ साली स्वमग्नतेवरील उपचार म्हणून त्याची शिफारस केलेली नाही.

साध्या आजाराचा आणि स्वमग्नतेचा एक चमत्कारिक संबंध येथे सांगावासा वाटतो. ताप आला असता आमचे मूल अधिक बोलते, जवळ येते, असे काही पालक सांगतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ३० मुलांचे ताप असताना व नसताना निरीक्षण केले, तेव्हा बहुतेकांच्या वागण्यात तापाच्या वेळी खरोखरच काही फरक दिसला. ताप उतरल्यावर तो फरकही गेला. यातून मेंदूविषयी शास्त्रज्ञांस काही कळेल तेव्हा कळो. शिक्षकाने यातून इतकेच घ्यावे, की शरीर आणि वर्तन यांची गाठ आपण समजतो त्याहून जवळची आहे.

कॅनर यांच्या ११ मुलांपैकी पहिला डॉनल्ड ट्रिप्लेट. त्याची पुढील हकीकत खेड्यातील शिक्षकाने अवश्य वाचावी अशी आहे. १९४२ साली आईवडिलांनी त्यास घरापासून दहा मैलांवरील एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. त्या जोडप्याने त्याचे वेड मोडण्याचा प्रयत्न केला नाही. त्यास मोजमापाचा नाद होता, म्हणून विहीर खणावयास लावून तिची खोली मोजून सांगण्याचे काम दिले. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजी, तर नांगर धरून मोज म्हणाले. मेलेले पक्षी व किडे गोळा करी, तर त्यांच्यासाठी शेतात जागा नेमून दिली. जवळच्या लहानशा खेड्यातील शाळेने त्याचा विक्षिप्तपणा चालवून घेतला आणि तो अभ्यासात चांगला पुढे गेला. १९४५ साली हे सारे पाहून कॅनर थक्क झाले. डॉनल्ड १९५८ साली पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. तो शेवटपर्यंत स्वमग्नच होता.

हे वाचल्यावर मी चिंचोक्यांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. दहा-दहाच्या राशी त्या मुलाने कोणी न शिकविता मांडल्या होत्या. बेरीज तेथूनच सुरू केली. दिवसाचा क्रम चित्रांनी काढून त्याच्या समोर टांगला: प्रार्थना, वाचन, आहार, खेळ, घर. क्रम बदलावयाचा असल्यास आधी चित्र बदलावयाचे. घंटा देण्यापूर्वी त्यास सूचना द्यावयाची. सूचना एका वेळी एकच, थोड्या शब्दांत. डोळ्यांत डोळे घालून बोल, असा आग्रह मी सोडून दिला. या कशालाही पैसा लागला नाही.

आजाराच्या बाबतीत तर एक नियमच करून ठेवला. अशा मुलाच्या वर्तनात एकाएकी बदल झाला, तर स्वभावास दोष देण्यापूर्वी शरीर पाहावयाचे. कान, दात, घसा, पोट या क्रमाने पाहावे. ही मुले ठराविकच पदार्थ खातात, त्यामुळे मलावरोध पुष्कळांना असतो, आणि पोट दुखते हे सांगता न आल्यामुळे ती ओरडतात किंवा टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभी राहतात. एकटक पाहत राहणे, क्षणभर भान हरपणे असे घडल्यास अपस्माराची शंका घ्यावी. या मुलांत तो इतरांपेक्षा अधिक आढळतो. काहींना दुखणे उशिरा जाणवते किंवा जाणवले तरी चेहऱ्यावर दिसत नाही. यास्तव रडत नाही म्हणजे दुखत नाही, असे समजू नये.

पालकांना वाट दाखविण्याचे कामही आपलेच आहे. पथकाकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणीसाठी चिठ्ठी मिळते. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांस शाळेत बोलवावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ज्या २१ प्रकारांची गणना केली आहे, त्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्रात दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांहून कमी नसल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्या कायद्याने दिला आहे. तेव्हा ‘आठ दिवस घरी ठेवा’ असे म्हणण्याचा अधिकार शिक्षकास नाही. मी ते म्हटले होते, म्हणून हे लिहीत आहे.

कानाच्या त्या प्रसंगानंतर मी पुठ्ठ्यावर मुलाच्या शरीराचे एक मोठे चित्र काढून वर्गात लावले. रोज प्रार्थनेनंतर प्रत्येक मुलाने त्यापुढून जावयाचे आणि काही दुखत असेल तर त्या जागी बोट ठेवावयाचे. वर्गातील इतर मुलांनी त्याचा पुष्कळ खेळ केला; तो मुलगा मात्र कित्येक महिने नुसताच पुढून जाई. चौथीत असताना एके दिवशी तो चित्रापाशी थांबला, त्याने उजव्या गालावर बोट ठेवले आणि ‘पाणी हवे का?’ असे म्हणाला. दाढ किडली होती. त्याच दिवशी दुपारी वडील त्यास ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले.